जांभीची सकाळ किती वाजता होते?

घरात पिल्लू आलं की पहिल्या महिन्याभरात सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच असतं: पहाटे साडेचारला उठतं आणि घर डोक्यावर घेतं. आमच्या कोकणात, आंजर्ल्या-केळशीच्या बाजूला, त्यावर उत्तरही ठरलेलं आहे. "कुत्र्याचं पिल्लू ते, उठणारच. मोठं झालं की झोपेल आपोआप." मला हे पटत नाही. पिल्लू उगाच उठत नाही. त्याला उठवणारं काहीतरी असतं, आणि ते शोधलं तर तास-दीड तासाची झोप त्यालाही मिळते आणि घरालाही. आमची जांभी आता सव्वासहापर्यंत झोपते. ती कशी झोपायला लागली ते सविस्तर लिहिते, कारण ओळखीतल्या बऱ्याच घरांत सध्या लहान पिल्लं आहेत आणि फोनवर तुकड्यातुकड्यांनी सांगून ते नीट पोचत नाही.

जांभी हर्णै बंदरावरच्या एका गावठी कुत्रीची. आमच्याकडच्या मोकळ्या कुत्र्या बहुतेक पावसाळा सरल्यावर वितात, त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत जेट्टीपासून एसटी थांब्यापर्यंत जिकडेतिकडे पिल्लं दिसतात. तिथे मासे घ्यायला गेले असताना ही दिसली. दोन महिन्यांची, नुकत्याच कापलेल्या जांभ्या चिऱ्याच्या रंगाची, म्हणून लेकीने नाव ठेवलं जांभी. घरात सासू-सासरे, आम्ही दोघं आणि दहावीची परीक्षा तोंडावर आलेली लेक. आईंना रक्तदाबाच्या गोळ्या चालू आहेत. पहाटे एकदा झोप मोडली की त्यांचा सबंध दिवस डोकं धरून जातो. तेव्हा "मोठी होईल तेव्हा झोपेल" म्हणून बसून राहणं आम्हाला परवडणारं नव्हतं.

पहिल्यांदा मी फक्त पाहिलं. कालनिर्णयच्या चौकटीत, दुधाच्या हिशेबाच्या बाजूला, जांभी किती वाजता उठली आणि उठल्यावर तिने पहिलं काय केलं एवढंच लिहायचं. शू लागलेलं पिल्लू उठल्या उठल्या जमीन हुंगतं, गोल फिरतं, दाराकडे जातं. नुसतीच जाग आलेलं पिल्लू आळस देतं, शेपटी हलवतं, गोधडीचं टोक तोंडात धरतं. भुकेलं पिल्लू तडक स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी. बाहेरच्या आवाजाने उठलेलं असेल तर कान उभे आणि नजर दाराबाहेर. चारही उठणी वेगवेगळी आणि चारहींवरचे उपायही वेगळे. जांभीच्या बाबतीत निम्म्याहून जास्त वेळा शू हे कारण नव्हतंच, हे या नोंदींतूनच कळलं.

शूचं गणित आधी सांगते. पिल्लाचं वय जितके महिने, त्यात एक मिळवायचा, साधारण तितके तास ते दिवसा धरू शकतं असा एक ढोबळ अंदाज आहे. दोन महिन्यांचं पिल्लू तीन तास, चार महिन्यांचं पाच. रात्री झोपेत मूत्र कमी तयार होतं, म्हणून थोडं जास्त धरतं. पण दोन महिन्यांच्या पिल्लाने रात्री दहा ते सकाळी सहा एका दमात झोपावं ही अपेक्षाच चूक आहे. ते उठणार, त्याला न्यावं लागणार.

माझा सगळा भर इथेच आहे. पिल्लाला शूला नेणं वेगळं आणि त्याची सकाळ होणं वेगळं. पिल्लाला घड्याळ कळत नसलं तरी क्रम चांगला कळतो. दिवा लागला, कडी वाजली, कोणीतरी नावाने हाक मारली, वाटी खाली ठेवली. यातली पहिली गोष्ट घडली की पुढच्या ओळीने घडणार, हे त्याला भराभर पाठ होतं. पहाटे साडेचारला शूला नेताना आपण दिवा लावला, "आली का गं बाई, चल चल" म्हणत पाठ थोपटली, तर त्याच्या लेखी सकाळ साडेचारला झाली. उद्याही ते त्याच वेळी उठणार, शू असो वा नसो.

म्हणून पहाटेची फेरी आम्ही मुकी केली. घरातला दिवा लावायचा नाही. गळ्यात पट्टा, हातात बॅटरी, पायात बूट, मागच्या दाराने बाहेर, गडग्याजवळच्या, म्हणजे दगडी कुंपणाजवळच्या, ठरलेल्या जागी उभं राहायचं आणि गप्प राहायचं. शू झाली की हळू आवाजात एकदाच "शाब्बास", की परत आत, परत तिच्या झोपायच्या खोक्यात. खेळणं नाही, कुरवाळणं नाही, खाऊ नाही. पट्टा न लावता पिल्लाला अंधारात सोडू नका, हे कळकळीने सांगते. आमच्याकडे जांभ्याच्या सड्यावर आणि गडग्याच्या फटींत फुरसं हा विषारी साप असतो, आणि तो रात्रीचाच फिरतो. बिबट्याही वाडीच्या कडेने येतो, कुत्री नेतो. बॅटरी जमिनीकडे धरायची, पिल्लाच्या तोंडावर नाही. कुत्र्याच्या डोळ्यात पडद्यामागे चकाकणारा थर असतो, म्हणून तर उजेड पडला की त्याचे डोळे चमकतात. आपल्याला अंधुक वाटणाऱ्या उजेडातही त्याला पुरेसं दिसतं.

या मुक्या फेरीत सगळ्यात अवघड गेलं ते आप्पांना, माझ्या सासऱ्यांना. आगराच्या, म्हणजे घरामागच्या बागेच्या, शिपण्यासाठी आप्पा पहाटे पावणेपाचला उठतात, जन्मभराची सवय. उठल्यावर चुलीपाशी जाताना खोक्यात डोकावून "काय गं जांभे, उठलीस का?" असं विचारायचं, की जांभी उठलेलीच. त्यांचा जीव आहे तिच्यावर. पंप चालू करायला जाताना ती मागोमाग आली की त्यांना बरं वाटायचं. मी म्हटलं, "आप्पा, सहापर्यंत तिच्याकडे बघूसुद्धा नका. सहानंतर ती सगळी तुमची." ते दोन-तीन दिवस घुश्शात होते. मग त्यांनीच सोय काढली. चहाचं सामान रात्रीच पडवीतल्या शेगडीपाशी नेऊन ठेवायला लागले आणि माजघरातून न जाता बाहेरच्या बाहेर आगरात जायला लागले. घरात एक जरी माणूस पहाटे पिल्लाशी बोलत असेल तर बाकीच्यांनी पाळलेलं मौन वाया जातं, म्हणून घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विश्वासात घेणं फार गरजेचं आहे.

आता उजेडाचं. जांभीचा खोका आम्ही माजघरात ठेवला होता, आणि आमच्या माजघराच्या छपरात दोन काचेची कौलं आहेत. मंगलोरी कौलांच्या जुन्या घरांत ती असतातच, नाहीतर भर दुपारीही आत दिवा लावावा लागतो. जानेवारीत त्याचं काही वाटलं नाही, कारण तेव्हा आमच्याकडे सूर्य सव्वासातच्या सुमारास उगवतो. मार्च-एप्रिलमध्ये जांभीची उठण्याची वेळ हळूहळू अलीकडे सरकायला लागली. मे महिन्याच्या अखेरीला सूर्योदय सहाला येतो, आणि फटफटायला त्याच्या वीस-पंचवीस मिनिटं आधीच सुरुवात होते. एका पहाटे मी तिथेच चटईवर पडून राहिले. आधी काच करड्या रंगाची झाली, मग जमिनीवर एक फिकट चौकोन उमटला, खोक्याच्या कडेला लागून. चौकोन अजून धड उजळलाही नव्हता, तोच जांभीचा एक डोळा उघडला. तिने चौकोनाकडे पाहिलं, जांभई दिली आणि उठून बसली. आवाज नाही, शू नाही, भूक नाही, नुसता उजेड.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याने शिडी लावून त्या कौलांखाली वाशांना गोणपाटाचा दुहेरी तुकडा बांधला. त्याला दोरी ठेवली आहे, सकाळी ओढली की गोणपाट बाजूला होतं. खोक्यावर तीन बाजूंनी गोधडी टाकली, चौथी बाजू हवेसाठी मोकळी. एप्रिल-मेच्या घामट हवेत चारही बाजू झाकून पिल्लाला कोंडू नका, ते धापा टाकत उठेल. या एका गोणपाटाने जो फरक पडला तो बाकी कशानेच एवढा झटपट पडला नाही. तुमच्याकडे काचेची कौलं नसतील, पण पूर्वेची खिडकी असेल, दाराची फट असेल. आणि विदर्भात राहत असाल तर हे आणखी लवकर करावं लागेल. देशभर घड्याळ एकच आणि आम्ही पार पश्चिमेला, त्यामुळे नागपूरला सूर्य आमच्यापेक्षा वीस ते तीस मिनिटं आधी दिसतो.

आवाजांवर आपला इलाज फारसा चालत नाही. मार्चपासून दयाळ पक्षी उजाडण्याच्या कितीतरी आधी गायला लागतो, मग कोकीळ, मग कोंबडे. मुक्कामाच्या एसटीचं इंजिन ड्रायव्हर सुटण्याआधी तापवत ठेवतो. समुद्राकडून वारा असला तर खाडीच्या तोंडाशी असलेल्या होड्यांची टकटक थेट माजघरात येते. माणसाला साधारण २०,००० हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं, कुत्र्याला ४५,००० च्या आसपास. आपल्याला जी शांतता वाटते ती त्याच्यासाठी शांतता नसते. दयाळाला गप्प करता येत नाही, करूही नये. आम्ही एवढंच केलं की खोका पडवीच्या भिंतीपासून हलवून आतल्या भिंतीला लावला आणि टेबलफॅन तोंड फिरवून रात्रभर चालू ठेवला. पंख्याच्या एकसुरी घरघरीत बाहेरचे तुटक आवाज बुडून जातात. वीज गेली की मात्र जांभी उठते.

खाण्याबद्दल दोन गोष्टी. एक, सकाळचं खाणं उठल्या उठल्या द्यायचं नाही. उठली, शू झाली, अंगणात फिरली, आमचा चहा झाला, आणि मग वाटी. मध्ये निदान अर्धा-पाऊण तास जाऊ द्या. नाहीतर पिल्लाचं पोटच गजर होतं; खाणं नेहमी ज्या वेळी मिळतं त्याच्या आधीपासून ते जागं होऊन वाट बघायला लागतं. दुसरी, रात्रीचं शेवटचं खाणं साडेसात-आठला, म्हणजे झोपण्याआधी शी होऊन जाते. जांभीला तेव्हा मऊ भात, काटे काढून नुसता उकडलेला मासा, कधी अंडं. फार लवकर जेवू घालून रात्रभर उपाशीही ठेवू नका, विशेषतः अगदी लहान चणीच्या जातींच्या पिल्लांना. त्यांची रक्तातली साखर पटकन उतरते. पाण्याचं भांडं काढून घेण्याचा सल्लाही बरेच जण देतात. कोकणातल्या उन्हाळ्यात मी तो मानणार नाही. त्यापेक्षा तहान कशाने लागते ते पाहा. संध्याकाळी आईंच्या ताटातली सुकट, बोंबलाचा तुकडा जांभीच्या पुढ्यात पडायचा. खारवलेला मासा खाल्ला की ती रात्री भांडंभर पाणी प्यायची, आणि एवढं पाणी प्यायलेलं पिल्लू तीनला उठणारच. सुकट बंद झाली आणि मधली एक फेरी आपोआप गळली.

"दमवा तिला, संध्याकाळी किनाऱ्यावर पळवा, मेल्यासारखी झोपेल," हा सल्ला तर मला इतक्या जणांनी दिला! मोठ्या कुत्र्याला तो लागू पडेलही. एवढ्या लहान पिल्लाला दिवसाचे अठरा ते वीस तास झोप लागते. दुपारची झोप मोडून त्याला पळवत ठेवलं तर संध्याकाळी ते चवताळल्यासारखं करतं, पायांना चावतं, आणि रात्री झोप तुटक लागते. आम्ही उलट केलं. दुपारी मुलांचा घोळका आला तरी जांभीची झोप मोडू द्यायची नाही. संध्याकाळी आठनंतर पळापळ नाही. जुन्या लुगड्याच्या चिंधीला गाठी मारून दिल्या आहेत, त्या चघळत ती आमच्या पायाशी बसते. दहाला शेवटची शू आणि झोप. किनाऱ्यावर पहाटे मोकळं सोडायचं तर नावच नाही. हिवाळ्यापासून मार्च-एप्रिलपर्यंत आमच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी असतात, आणि कोल्ह्यांइतकीच कुत्रीही ती उकरतात. गावातली माणसं रात्री उठून ज्या अंड्यांची राखण करतात, त्यांना माझ्या जांभीने धोका होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

एवढं सगळं करूनही सवयीची म्हणून एक जाग उरतेच. जांभीची पाचला होती. तिच्यासाठी मी माझा गजर पावणेपाचचा लावला, म्हणजे तिने रडण्याआधीच. विचित्र वाटेल, पण रडल्यावर आपण जातो तेव्हा "रडलं की माणूस येतो" हे ती शिकते. रडण्याआधी गेलं की रडण्याचं कामच उरत नाही. मुकी फेरी, परत खोक्यात. काही दिवस हे सुरळीत चाललं की गजर दहा-पंधरा मिनिटांनी पुढे. पुन्हा काही दिवस थांबायचं, पुन्हा पुढे. घाई केली की ती गजराच्या आधी उठायला लागते. मग एक पायरी मागे यायचं. असं सरकत सरकत फेरी सहाच्या पुढे गेली, आणि तिथे पोचल्यावर तीच तिची सकाळ झाली.

मधल्या काळात ती शू झाल्यावरही कुंईकुंई करायची. शू झाली आहे, पोट भरलेलं आहे, आजारी नाही, याची खात्री असेल तेव्हाच तिकडे दुर्लक्ष करायचं. पहिले काही दिवस रडणं कमी व्हायच्या ऐवजी वाढतं. आधी चालत होतं ते आता का चालत नाही म्हणून पिल्लू आणखी जोर लावून पाहतं. नेमकं तेव्हाच उठून गेलात तर "जास्त रडावं लागतं" एवढाच धडा त्याला मिळेल. अगदी असह्य झालं तर ते श्वास घ्यायला थांबेल तो क्षण गाठा आणि मग जा. मात्र घरात नव्याने आलेल्या, आईपासून नुकत्याच तुटलेल्या पिल्लाला हे लागू करू नका. ते हट्टाने रडत नसतं, भीतीने रडत असतं. पहिले काही आठवडे जांभीचा खोका माझ्या अंथरुणाला लागून होता, हात खाली सोडला की तिच्या पाठीला लागायचा. आंब्याचा जुना लाकडी खोका तो, खिळे ठोकून आत वळवलेले, तळाशी माझ्या जुन्या साडीची घडी. त्यात ती मावेनाशी झाली तेव्हा आप्पांनी दोन खोके जोडून मोठा केला. आणि "एक रट्टा दे, गप्प बसेल" असं सांगणाऱ्यांचं कृपा करून ऐकू नका. मार खाल्लेलं पिल्लू गप्प बसतं आणि लपून कोपऱ्यात शू करायला शिकतं.

यातलं काही न करता डॉक्टरांकडे जायची वेळही असते. चांगलं झोपणारं पिल्लू अचानक रात्री तीन-तीनदा उठायला लागलं, थेंब थेंब शू करत असेल, पातळ शी होत असेल, सतत अंग खाजवत असेल, तर ती सवय नाही. मूत्रमार्गाचा संसर्ग, जंत, गोचीड, यातलं काहीही असू शकतं. तीन महिन्यांचं होईपर्यंत दर दोन आठवड्यांनी जंतांचं औषध, सहा-आठ आठवड्यांपासून लसींचे डोस, तीन महिन्यांनंतर रेबीजची लस, हे वेळापत्रक आपल्या डॉक्टरांकडून नीट लिहून घ्या. आमच्याकडे पावसाळ्यात लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या रोगाचा) धोका असतो, त्याची लस दिली आहे का हेही विचारा. ती घेतली तरी शेतात साचलेलं पाणी पिल्लाला पिऊ देऊ नका.

आता मृग जवळ आलाय आणि मला काळजी आहे ती वेगळीच. ढगांमुळे पहाटे अंधार राहील, त्या बाजूने बरंच आहे. पण जांभीला पाण्याचा तिटकारा. वळवाच्या पहिल्या सरीत ती उंबऱ्यावर चारही पाय रोवून बसली आणि काही केल्या बाहेर यायला तयार नव्हती. आमच्या पावसात ती अशी अडून बसली तर पहाटेची फेरी अर्ध्या तासाची होणार आणि सगळं घर जागं होणार. म्हणून मागच्या पडवीच्या टोकाला, पागोळ्यांच्या आतल्या बाजूला, चार चिरे मांडून त्यात वाळू भरली आहे आणि गडग्याजवळच्या तिच्या जागेची थोडी माती वर पसरली आहे, म्हणजे वासाने तिला ओळख पटेल. वाऱ्याच्या बाजूने आप्पा झावळ्यांचे झाप बांधणार आहेत. कोरड्या दिवसांतच तिला तिथे नेऊन सवय लावतेय. काल तिने हुंगून सोडून दिलं, आज एकदा शू केली.